चंद्रभागेचं पोर्तुगीज

कापड्याच्या वरच्या वाडीत एसटीला माशिंबोंब म्हणतात. "माशिंबोंब गेली काय गो?" असं फाट्यावर कुणी विचारलं की नव्या माणसाला वाटतं, हा इकडचाच एखादा जुना शब्द असणार. तो जुनाही नाही आणि इकडचाही नाही. अंगोला आणि मोझांबिक देशांत बसला माशिंबोंबू म्हणतात. तो शब्द आमच्याकडे आणला चंद्रभागा सकपाळ हिने. शेवटचा ऊ घाटात कुठेतरी गळून पडला.

चंद्रभागा चौथीपर्यंत शिकलेली. लग्न झालं रामा सकपाळशी, तो मुंबईला गोदीत कामाला होता. दुसऱ्याच वर्षी रामा काविळीने गेला. सासरच्यांनी गावी बोलावलं, पण ती परत आली नाही. माझगावात एका म्हाताऱ्या गोवेकर बाईंकडे स्वयंपाकाला राहिली. बाईंचं नाव दोना फिलोमेना. दोना म्हणजे पोर्तुगीजांत मानाने म्हणायचं, आपल्या बाईसाहेबांसारखं. चंद्रभागेला वाटलं तेच नाव आहे. ती त्यांना दोनाबाई म्हणू लागली, म्हणजे बाईसाहेबबाई. म्हाताऱ्या बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही.

पुढे दोनाबाईंचा मुलगा लिस्बनला डॉक्टर झाला आणि आईला तिकडे न्यायला आला. दोनाबाई म्हणाल्या, "चंद्रा नसेल तर मी चहा पिणार नाही, आणि चहा प्याले नाही तर मी मरेन. मग तू आईला मारलंस असं होईल." डॉक्टरने निमूटपणे चंद्रभागेचा पासपोर्ट काढला. कापड्यात तिच्या मोठ्या जावेने, रखमाने, सगळीकडे सांगितलं की आमची चंद्रा लिस्बनला गेली, ते लोणावळ्याच्या पुढं लागतं.

लिस्बनमध्ये दोन-तीन वर्षं बरी गेली. मग दोनाबाईंचं डोकं रिकामं होऊ लागलं. आधी इंग्रजी गेलं, मग कोकणी गेली. उरलं फक्त लहानपणी पणजीच्या शाळेत पाठ केलेलं पोर्तुगीज. चंद्रभागेला ते शिकण्यावाचून इलाज राहिला नाही. दुखतंय का, झोप लागली का, गोळी घेतली का, पोट साफ झालं का, हे ती आधी शिकली. कुणालाही नमस्कार कसा करायचा ते मात्र कितीतरी नंतर.

बाकीचं ती घराजवळच्या बागेत शिकली. तिथे एका बाकावर म्हाताऱ्यांना उन्हात बसवून त्यांना सांभाळणाऱ्या बायका गप्पा मारत. दोमिंगास केप व्हर्दे बेटांवरची होती. रोझाना ब्राझीलची, प्रत्येक वाक्य गाणं म्हटल्यासारखं ओढून बोलणारी. अंगोलाच्या एस्पेरांसाने तिला माशिंबोंबू दिला. पूर्व तिमोरची एक बारकीशी मुलगी होती, तिच्या बेटाचं नाव चंद्रभागेने कधी ऐकलंच नव्हतं. साओ तोमे नावाचा एक देश तर दोन बेटांचा आहे हे तिला त्याच बाकावर कळलं. सगळ्या एकाच भाषेत बोलत आणि सगळ्या एकमेकींच्या बोलण्याला हसत.

"पोर्तुगाल केवढा?" चंद्रभागा नंतर कापड्यात सांगायची. "आपल्या म्हाराष्ट्राचे तीन तुकडे करा, त्यातल्या एकाएवढा. आणि भाषा बघा कुठंकुठं सांडून ठेवलीय. ब्राझीलमदी एवढी माणसं ती बोलतात, की पोर्तुगालवाल्यांनी बोलायची बंद केली तरी कुणाच्या ध्यानात येणार नाय."

दहा-अकरा वर्षांनी दोनाबाई वारल्या. डॉक्टरने थांब म्हटलं, पण चंद्रभागेला भाताचं खाचर आठवायला लागलं होतं. ती कापड्याला परतली ती पायात लिस्बनचे बूट घालूनच. शेतात जायला आणि लग्नाला तिला तेच बूट लागतात.

परतल्यावर रखमाशी तिचं भांडण व्हायला आठवडाही लागला नाही. मांजराने दूध प्यायलं यावरून झालं. भांडणाच्या भरात चंद्रभागा काहीतरी बोलली, "काबेसा द आल्यू शोशू!"

"काय म्हणालीस गो?"

"देव तुझं भलं करो, म्हटलं."

रखमा वरमली. तिने दुसऱ्या दिवशी चंद्रभागेला अळूवड्या दिल्या. पुढची कित्येक वर्षं दोघींची भांडणं अशीच मिटत. रखमाने तो आशीर्वाद इतक्यांदा ऐकला की तिला पाठ झाला, आणि एकदा गौरी-गणपतीच्या सणाला तिचा मुलगा अक्षय घरी आला असताना तिने त्यालाच तो दिला. अक्षय बिरवाडीला खोली घेऊन राहतो, तिथल्या एका कारखान्यात जुळणीचं काम करतो. त्याने हसत हसत ते शब्द फोनला ऐकवले. फोनने सांगितलं: पोकळ लसणीच्या डोक्याची.

रखमा चंद्रभागेच्या दारात जाऊन उभी राहिली. "ह्यापुढं माझ्याशी मराठीतच बोलायचं! एक शब्द त्यांचा काढायचा नाय!"

"बरं बाय," चंद्रभागा शांतपणे म्हणाली. "मग तूसुदा नाय काढायचा. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, चावी त्यांची. बादली, घमेलं, झालंच तर अक्षयचा पगार. बघ जमतंय का."

रखमाने हट्टाने दुपारपर्यंत निभावलं. बादलीला पाण्याचं ते आणि चावीला कुलपाचं ते म्हणत राहिली. मग बटाट्याची भाजी करायची वेळ आली तेव्हा ती वैतागून ओरडली, "मेलं ते पोर्तुगाल!" आणि दोघी पायरीवर बसून हसल्या.

अक्षय मात्र हसला नाही. तो विचारात पडला. काकी काहीबाही बडबडते असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता फोनच सांगत होता की ती भाषा खरी आहे.

पुढच्याच महिन्यात त्याच्या कारखान्यात घोटाळा झाला. तिथे भात सडायच्या लहान गिरण्या बनतात. मालक देवव्रत फाटक, महाड शहरातले, बोलायला गोड आणि व्यवहाराला चोख. मोझांबिकमधल्या भातशेतकऱ्यांच्या एका संघाचा माणूस गिरणी बघायला येणार होता. त्याला पोर्तुगीज येत होतं आणि फाटकांना मराठी, हिंदी, इंग्रजी. पुण्याहून बोलावलेला दुभाष्या वरंधा घाट दुरुस्तीला बंद म्हणून ताम्हिणीतून फिरून निघाला आणि माणगावच्या अलीकडे त्याची गाडी बंद पडली. पाहुणा तोवर लॉजमधून निघालाही होता. अक्षय धीर करून म्हणाला, "साहेब, माझ्या काकीला येतं."

"काय येतं?"

"तेच, पोर्तुगीज."

फाटकांनी त्याच्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे बघितलं आणि त्याला मोटारसायकलची किल्ली दिली.

चंद्रभागा हिरवं लुगडं आणि बूट घालून आली. पाहुणा खुर्चीत बसला होता. सत्तरीचा, काळाभोर, अंगाने भरलेला माणूस, पांढरा शर्ट, हातात काठी. नाव एवारिस्तो. चेहरा असा, की या माणसाला आयुष्यात कशाचंच नवल वाटलेलं नसावं.

"बों दिआ, सिन्योर," चंद्रभागा म्हणाली. "माशिंबोंबूने आलात का?"

एवारिस्तोने तिच्याकडे नीट पाहिलं. लुगडं पाहिलं, बूट पाहिले. मग तो इतका हसला की काठी खाली पडली.

"काय म्हणाले?" फाटकांनी विचारलं.

"काय नाय. हसले."

गिरणी सुरू केली. फाटक अभिमानाने एकेक भाग दाखवू लागले. इथे चंद्रभागेची पंचाईत झाली. तिचं सगळं पोर्तुगीज आजारी माणसाच्या खोलीतलं. बेअरिंगला काय म्हणतात, हॉर्सपॉवरला काय म्हणतात, तिला काही ठाऊक नव्हतं. पण ती अडली नाही. बेअरिंग म्हणजे हिच्या गुडघ्यातल्या गोट्या, असं तिने सांगितलं. मोटरीत मेलेले घोडे आहेत, पण ताकद शाबूत आहे, असं सांगितलं. गिरणी तुंबत नाही, हे फाटकांनी जोर देऊन सांगायला लावलं, तेव्हा ती म्हणाली, "हिला बद्धकोष्ठ होत नाही, सिन्योर. रोज सकाळी साफ."

एवारिस्तो गंभीरपणे मान हलवत होता. मग त्याने आपलं मत सांगितलं. गिरणी बोकड कापल्यासारखी ओरडते आणि रंगाचा एवढा थर जोडकाम झाकायलाच दिलेला दिसतो.

"साहेब म्हणतात," चंद्रभागा फाटकांकडे वळली, "आवाज खणखणीत हाय. गावात लांबवर कळंल, गिरणी चालू झाली. आणि रंग तर हात राखून लावलेलाच नाय."

फाटक खूश झाले. ते आपल्या माणसाकडे, म्हणजे अक्षयकडे, वळून हळूच म्हणाले, "चिक्कू दिसतोय हा. भाव चढवूनच सांगू, म्हणजे उतरायला जागा राहील."

"काय म्हणतात तुमचे मालक?" एवारिस्तोने पोर्तुगीजमध्ये विचारलं.

"म्हणतात, प्रवासाने तुम्ही अगदी वाळलात. आधी जेवायला घातलं पाहिजे."

एवारिस्तोने आपल्या पोटाकडे पाहिलं. "फार उदार माणूस," तो म्हणाला.

हे असं करायची तिला जुनी सवय होती. लिस्बनमध्ये दोनाबाई आणि त्यांची सून यांच्यामध्ये निरोप तीच नेत असे. इकडचं सगळं तिकडे आणि तिकडचं इकडे जसंच्या तसं नेलं असतं, तर त्या घरात कुणी एका टेबलाशी बसून जेवलं नसतं.

पण मग एवारिस्तो काठीवर दोन्ही हात ठेवून सावकाश बोलला. आधीच्या एका व्यापाऱ्याने त्यांना गिरण्या विकल्या होत्या. वर्षाच्या आत एकेक भाग झिजला. सुटे भाग कधी आलेच नाहीत. गिरण्यांवर आता कोंबड्या बसतात आणि बायका पुन्हा उखळावर भात कांडतात. हे चंद्रभागेने काही न गाळता, काही न घालता सांगितलं. सांगताना तिचा आवाज जरा चढलाही, कारण भात कांडणं काय असतं हे तिच्या खांद्यांना माहीत होतं.

फाटक अक्षयला म्हणाले, "सुट्या भागांचं नंतर बघू रे. आधी ऑर्डर तर हातात येऊ दे."

"काय म्हणतात?" एवारिस्तोने विचारलं.

चंद्रभागेने एकदा फाटकांकडे पाहिलं, एकदा गिरणीकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणतात, प्रत्येक गिरणीबरोबर सुट्या भागांची एक पेटी देईन. तिचा वेगळा पैसा नको."

एवारिस्तो ताडकन उठला. त्याने फाटकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि जोरजोरात हलवत राहिला. "ओब्रिगादू! ओब्रिगादू!"

"काय झालं? काय झालं?" फाटक हसऱ्या तोंडाने पण घाबरून विचारू लागले.

"तुम्ही सुट्या भागांची पेटी फुकट देताय, म्हणून आभार मानताहेत."

"मी? कधी?"

"तुमच्या मनात होतं, साहेब. तोंडात यायला जरा उशीर लागत होता."

फाटकांचा हात अजून पाहुण्याच्या हातात होता. अशा वेळी नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. ते तोंडभर हसले, पण कान लाल झाले. अक्षय जमिनीकडे बघत होता. उद्यापासून कुठे काम बघायचं याचाच तो विचार करत असावा.

जेवायला महाडच्या चांगल्या हॉटेलात टेबल सांगून ठेवलं होतं. एवारिस्तो म्हणाला, मला हॉटेल नको, या बाईंच्या घरी भात कसा शिजतो ते बघायचंय. फाटकांना तेव्हा चंद्रभागेचं तोंडही बघायचं नव्हतं. त्यांनी गाडी दिली आणि डोकं दुखतंय म्हणून स्वतः मागे राहिले.

कापड्यात रखमाने धावपळ करून तांदळाच्या भाकऱ्या, काजूची उसळ आणि सुक्या जवळ्याची चटणी केली. एवारिस्तो पाटावर बसला तेव्हा पाट करकरला. रखमा चुलीपाशी चंद्रभागेच्या कानाशी लागून, पण तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे अंगणापर्यंत ऐकू जाईल असं, म्हणाली, "केवढा थोरला माणूस गो हा! ह्याला चार भाकऱ्या पुरतील का आणखी थापू?"

पाटावरून आवाज आला, "बेन, बे बस छे."

रखमाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. चंद्रभागा वळली. एवारिस्तो दोन बोटं वर करून बसला होता आणि त्याचा चेहरा तसाच, कशाचं नवल नसलेला.

"तुम्हाला गुजराती येतं?" चंद्रभागेने पोर्तुगीजमध्ये विचारलं.

"बैरा शहरात माझं लहानपण गेलं. दीवहून आलेल्या एका काकांचं तिथे कापडदुकान होतं. मी तिथे झाडू मारत मोठा झालो, मग काउंटरवर उभा राहिलो. काकू मला गुजरातीतच रागवायच्या. पुढे सिनेमांमुळे हिंदी आलं. तुमचं मराठी अर्धं कळतं. उरलेलं माणसाच्या तोंडाकडे बघून कळतं."

सकाळपासूनचं सगळं चंद्रभागेच्या डोळ्यांपुढून गेलं. "म्हणजे चिक्कू..."

"ते कळलं."

"भाव चढवून..."

"तेही कळलं. आणि मी प्रवासाने वाळलो, हे ऐकून तर मला फार बरं वाटलं. माझी बायको गेल्यापासून असं कुणी म्हटलं नव्हतं."

"मग बोलला का नाही?"

"माल घ्यायला जाताना मला कधीच त्यांची भाषा येत नाही," एवारिस्तो भाकरी मोडत म्हणाला. "पण आजवरचे दुभाषे सरळ होते. इतकी करमणूक पहिल्यांदाच झाली."

चंद्रभागेने पदर तोंडाला लावला आणि ती हसता हसता भिंतीला टेकली. रखमा दोघांकडे बघत राहिली आणि शेवटी चिडून म्हणाली, "मलाही सांगा की रे कुणीतरी!" एवारिस्तोने तिला हिंदीत सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो दोन नाही, पाच भाकऱ्या जेवला.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. फाटक रात्रभर हिशेब करून आले होते आणि पेटीचं कसं टाळता येईल याची दोन-तीन वाक्यं त्यांनी तयार ठेवली होती. चहा आला. ते चंद्रभागेला म्हणाले, "यांना सांगा, पेटीच्या बाबतीत थोडा गैरसमज..."

एवारिस्तोने हात वर केला आणि थेट फाटकांकडे बघून म्हणाला, "फाटकसाब, बॉक्स भूलना नहीं. और चिक्कू आदमी के चाय में शक्कर ज़रा ज़्यादा."

फाटकांच्या तोंडाचा रंग आधी उडाला, मग परत आला, मग जरा जास्तच आला. आदल्या दिवशी आपण काय काय बोललो याची ते मनात उजळणी करत असावेत. शेवटी त्यांनी स्वतः उठून साखरेचा डबा आणला आणि पाहुण्याच्या कपात दोन चमचे घातले. मग त्यांनाही हसू आवरेना.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी चंद्रभागेला विचारलं.

"काल जेवताना कळलं."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही मला भाषांतराला बोलावलं होतं, साहेब. त्यांना जे कळलं ते मराठीतलंच होतं, त्यात माझं काय काम?"

एवारिस्तोने आधी थोड्याच गिरण्या घेतल्या. पेट्या खरोखर गेल्या, म्हणून वर्षाने त्याने आणखी घेतल्या. अक्षयची नोकरी टिकली, एवढंच नाही तर त्या गिरण्या बसवायला मोझांबिकला कुणाला पाठवायचं, तर त्यालाच, असं ठरलं. एवारिस्तोने कळवलं की काकी बरोबर येणार असेल तर राहण्याजेवणाचं माझ्याकडे. चंद्रभागा म्हणाली, लावणी आटोपली की येते. गेली.

बैरा शहरात ती खुशीत होती. दुकानात, रस्त्यावर सगळे पोर्तुगीज बोलत होते. पण गिरण्या जिथे बसवायच्या होत्या ते गाव बुझी नदीकडे, आत. तिथल्या बायका जमल्या, चंद्रभागेने ऐटीत बों दिआ म्हटलं, आणि त्यांतल्या म्हाताऱ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांना पोर्तुगीज रखमाला येतं तेवढंच येत होतं. त्यांची घरातली भाषा निराळीच होती. पोर्तुगीज शाळेचं, कचेरीचं, शहरात गेलेल्या मुलांचं.

"आता कसं करायचं?" अक्षयने विचारलं.

"आता दुभाष्या लागंल," चंद्रभागा म्हणाली.

दुभाष्या झाला एवारिस्तो. चंद्रभागा एक वाक्य बोलायची. तो त्याचं बराच वेळ काहीतरी सांगायचा आणि बायका गुडघ्यांवर हात आपटून हसायच्या. "मी एवढं काय बोलले?" ती विचारायची. तो म्हणायचा, "काही नाही. तुम्ही त्यांच्या तब्येतीची चौकशी केलीत." तिने तिसऱ्या दिवशी बोलणंच सोडलं आणि उखळापाशी जाऊन मुसळ हातात घेतलं. समोरच्या बाईने आपलं मुसळ उचललं. दोघींचे घाव आपोआप आलटूनपालटून पडू लागले. त्या दिवशी तिला कुणाची गरज लागली नाही.

निघताना त्या बायकांनी तिला तिकडे कमरेला गुंडाळतात तसली दोन कापडं दिली, पिवळ्याजर्द रंगावर मोठाले निळे मासे. यंदाच्या लावणीला चंद्रभागा लुगड्यावर ते कापड गुंडाळून खाचरात उतरली. चिखल लुगड्याला लागत नाही म्हणे. बांधावर उभी राहून रखमा तिला बघत होती.

"शोभतं का गो ह्या वयात?" ती म्हणाली.

चंद्रभागा रोपं लावत राहिली. थोड्या वेळाने रखमा घरी गेली, आणि परत आली तेव्हा दुसरं कापड तिच्या कमरेला होतं, उलटं गुंडाळलेलं, सगळे मासे खाली डोकं करून.